साहेब, अण्णा आणि पोरीचा मामा

दुपारचं जेवण झालं की माझा जरा डोळा लागतो. हल्ली जास्तच. आणि त्या पेंगेत कधीमधी लांबून गाडीवरचा भोंगा ऐकू येतो. त्या भोंग्यातून कोणीतरी माझं नाव घेत असतं, आणि पुढं म्हणत असतं, ताईंना प्रचंड बहुमतानं विजयी करा. मी झोपेतच म्हणते, कोण गं बाई ही? मग जाग येते. बाहेर अंगणात हळद वाळत पडलेली असते, तिचा वास घरभर असतो, पंखा एका लयीत कुरकुरत असतो. आणि हळूहळू ध्यानात येतं की ती बाई मीच होते.

मी निवडणूक लढवली होती, ही गोष्ट मला आता खरी वाटत नाही. पंचायत समितीचा आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, बायकांसाठी राखीव सुटला. आमचे मालक साहेबांच्या पार्टीत. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कितीक वर्षं मालक त्यांच्या मागं. साहेबांचा वाढदिवस आला की आमच्या दारात गाव जेवायचं, आणि माझ्या वाढदिवसाची तारीख मालकांना आजही सांगता यायची नाही. तर एके दिवशी मालक तालुक्याहून आले आणि म्हणाले, "तुला उभी करून राहिले साहेब." मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, "मी तर सकाळपासून उभीच हाय." त्यांना काही हसू आलं नाही.

माझं माहेर त्याच गणात, आमच्या गावापासून दोन गावं सोडून. तिथं माझा थोरला भाऊ. दादा अण्णांचा माणूस. अण्णा म्हणजे साहेबांचे विरोधक, दुसऱ्या पार्टीचे. साहेबांनी मला उभं केलं हे कळल्यावर अण्णांनी दादाला बोलावून घेतलं आणि वहिनीला तिकीट दिलं. नणंद एका पार्टीतून, भावजय दुसऱ्या पार्टीतून. लोकांना भारी मजा वाटली. आम्हा दोघींना कोणी विचारलंच नव्हतं. दोघींच्याही फलकावर आमचे फोटो बारके, नवऱ्यांचे त्याहून मोठे आणि पुढाऱ्यांचे सगळ्यांत मोठे. माझ्या फोटोत मी हसत नव्हते, तर कुठल्याशा दुकानात जाऊन मालकांनी मला हसती करून आणली. ते हसू मला आजतागायत जमलेलं नाही.

प्रचाराचे ते दिवस मला धुक्यातून दिसल्यासारखे दिसतात. जीपमध्ये मागं बसायचं, ऊन खिडकीतून मांडीवर पडलेलं, धूळ, गळ्यात उपरणं, मध्येच उतरायचं, हात जोडायचे, ओवाळून घ्यायचं, परत बसायचं. एका गावी शाळेच्या मैदानात साहेबांची सभा होती. मी मंचावर मागच्या खुर्चीत. साहेब बोलायला लागले, गावाला पाणी आणतो, रोड करतो, हळदीला भाव मिळवून देतो, आणि माझे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी मी ते ऐकत राहिले. पाणी, रोड, हळद. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाहून परतताना जीप वेशीवर थांबली होती, मी अशीच डुलकी घेत होते, आणि कानावर परत तेच आलं. पाणी, रोड, हळद. मी डोळे न उघडताच मालकांना म्हटलं, "साहेब हिथं बी आले व्हय?" मालक खेकसले, "झोपली काय? ते अण्णा हायेत." डोळे उघडून पाहिलं तर खरंच अण्णा. आवाज वेगळा, मिशा वेगळ्या, वाक्यं मात्र तीच, आणि हात वर करायची जागासुद्धा तीच.

हे मी मालकांना बोलून दाखवलं. मी तशी तोंडाची फटकळ, पोटात काही राहत नाही. मालक म्हणाले, "तुला राजकारण कळत न्हाई." म्हटलं, "मग मला उभी काहून केली?" त्यावर दोन दिवस अबोला.

त्याच दिवसांत एकदा दोन्ही पार्ट्यांच्या गाड्या एकाच गावात आल्या. बाप्ये चौकात एकमेकांकडं डोळे वटारून उभे राहिले आणि आम्हा बायकांना घरोघरी पाठवलं. ऊन मी म्हणत होतं. गल्लीच्या टोकाला एक चाची राहायची, आख्ख्या गावाच्या गोधड्या शिवणारी. पाणी प्यायला म्हणून मी तिच्या घरात शिरले, तर बाजेवर वहिनी बसलेली. गळ्यात त्यांच्या पार्टीचं उपरणं, हातात तांब्या. मला बघून ती सरकली. मी बसले. चाचीनं मशीन थांबवली आणि आमच्याकडं चष्म्यावरून बघितलं.

"तुम दोनो में फरक क्या है सो बोलो," चाची म्हणाली. "मेरेकु कोई बताताच नही."

वहिनी म्हणाली, "चिन्ह येगळं हाय."

"और?"

मी म्हटलं, "आमचे साहेब पाणी आणणार, रोड करणार, हळदीला भाव देणार."

वहिनीनं हातातला तांब्या खाली ठेवला, म्हणाली, "आमचं बी तेच हाय, चाची."

चाची आधी हसली, मग वहिनी, मग मी. हसता हसता वहिनीचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. बाहेरून दोन्ही भोंगे एकदम ऐकू येत होते, माझं नाव आणि तिचं नाव एकमेकांत मिसळून. त्या थंड, सावलीच्या खोलीत, कापडाच्या चिंध्यांच्या ढिगाजवळ, मला वाटलं की इथंच झोपून जावं आणि निकालानंतरच उठावं.

निकालाला दोघी पडलो. निवडून आली तिसरीच, अपक्ष, शिकलेली, कोणाच्याही मागं न लागलेली बाई. मला तर सुटल्यासारखं झालं. पण मतमोजणीच्या आवारातच, दहा लोकांत, मालक दादाला म्हणाले की तुमी मतं खाल्ली, सख्ख्या बहिणीला पाडलं. दादानंही ऐकून घेतलं नाही. तो म्हणाला, तुमी माझ्या बायकोला पाडलं. बोलण्यावरून बोलणं वाढलं आणि शेवटी दादा म्हणाला, "तुमच्या घरचं पाणी प्यायचो न्हाई." मालक म्हणाले, "कोण देऊन राहिलं?" असं ते तुटलं. भाऊबीजेला मीच माहेरी जायची, ओवाळायची, परत यायची. दादा माझ्या उंबऱ्याला शिवला नाही. दिवाळीमागून दिवाळी गेली, सहा वर्षं.

मला खरंच राग यायचा. त्या दोघांचा यायचाच, पण जास्त साहेबांचा आणि अण्णांचा यायचा. कारण ते दोघं कुठल्या ना कुठल्या लग्नात, दशक्रियेत, एका सोफ्यावर बसलेले दिसायचे. एकमेकांच्या कानात बोलायचे, मांडीवर थाप मारून हसायचे. आमच्या दोन घरांना मात्र एका पंगतीला बसता येत नव्हतं.

मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं साधी, सगळं जुळून आलं. मी देवाजवळ एकच मागितलं. नागनाथाच्या पायरीवर डोकं ठेवून म्हटलं, पोरीवर अक्षता पडताना तिचा बाप आणि तिचा मामा एका मांडवात दिसू दे. बाकी काही कमी पडलं तरी चालेल. आमच्याकडं नवरी मांडवात आणायची ती मामानं, आणि अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागं उभं राहायचं तेही मामानंच. माझ्या लेकीला मामा एकच. ती मागं मोकळी जागा घेऊन उभी राहिलेली मला डोळ्यांपुढं दिसायची.

मालक गेले आणि पत्रिका छापून घेऊन आले. वर गणपती, गणपतीच्या खाली साहेबांचा फोटो, साहेबांचं पद, पार्टीचं चिन्ह. खाली आशीर्वाद देणाऱ्यांची लांबच लांब यादी, त्यातल्या निम्म्यांना मी आयुष्यात बघितलेलं नाही. मामाचं नाव कुठंच नाही. मी पत्रिका उलटीपालटी करून बघितली. "मामा कुठं हाय?" मी विचारलं. मालक म्हणाले, "जागा उरली न्हाई." मी पत्रिका फळीवर ठेवून दिली. बोलले असते तर लग्नच मोडलं असतं, आमचं.

पण देव काय गंमत करतो बघा. पत्रिका घरात येऊन आठ दिवस झाले नाहीत तो साहेबांनी पार्टी सोडली. सोडून गेले कुठं, तर अण्णांच्या पार्टीत. दोघं हार घालून घेताना टीव्हीवर दिसले. मालक टीव्हीपुढं बसून होते, चहा गार झाला तरी उठेनात. पुढच्याच पंधरवड्यात अण्णांना तिथं अडचण व्हायला लागली म्हणे, तर ते साहेबांनी मोकळ्या केलेल्या पार्टीत आले. आता मालकांच्या गळ्यात जे उपरणं आलं ते दादाचं जुनं, आणि दादाच्या गळ्यात मालकांचं. सहा वर्षं ज्या रंगासाठी एकमेकांचं तोंड बघितलं नाही ते रंग या घरातून त्या घरात गेले, आणि भांडण मात्र जिथल्या तिथं राहिलं. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबून मी मागच्या दारी गेले. तिथं गेल्यावर रडू आलं.

आणि पत्रिकेवर चिन्ह तर जुनंच छापलेलं. साहेब नाराज व्हायचे. मालकांनी नव्या चिन्हाच्या बारक्या चिठ्ठ्या छापून आणल्या, आणि मग दोन दिवस दुपारी ओसरीत बसून मी, लेक आणि मालक, आम्ही तिघं एकेका पत्रिकेवर त्या चिकटवत होतो. तो काळ मला फार शांत आठवतो. डिंकाची बाटली, पंख्यानं उडणारे कागद, कौलांतून येणारा उन्हाचा एक कवडसा लेकीच्या हातावर. मालक जिभेचं टोक बाहेर काढून एकेक चिठ्ठी अगदी बराबर बसवत होते, जुनं चिन्ह कडेनंही दिसू नये म्हणून. वीस वर्षं जे मिरवलं ते झाकत होते. त्या घटकेला मला त्यांची दया आली. लेकीचं लग्न आणि बापाला हा उद्योग.

ते हात धुवायला उठले तेव्हा मी एक कोरी चिठ्ठी कापली. चांगली मोठी. तिच्यावर माझ्या हातानं दादाचं नाव लिहिलं, पुढं लिहिलं 'मुलीचे मामा', आणि ती जुनंच चिन्ह असलेल्या एका पत्रिकेवर साहेबांच्या फोटोसकट सगळ्यावर चिकटवून टाकली. लेकीनं बघितलं. तिनं नुसता डिंक माझ्याकडं सरकवला.

ती पत्रिका आणि अक्षता घेऊन मी एकटीच माहेरी गेले. दादा पडवीत बसला होता. त्यानं पत्रिका हातात घेतली, चिठ्ठीवर बोट फिरवलं, मग नखानं तिचा कोपरा उचलून बघितला.

"खाली कोण हाय?"

"साहेबांचा फोटो हाय," मी म्हटलं. "अन् चिन्ह हाय ते तुझंच हाय. आताचं."

वहिनी आतून फिस्सकन हसली. दादाच्या मिशीतही काहीतरी हललं, पण त्यानं ते दाबलं. "दाजी काहून न्हाई आले?" तो म्हणाला. "मामाला अक्षत पोरीच्या बापानं द्यायची असती. तू आलीस ते बहीण म्हणून आलीस."

मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "दादा, मी कोणाचीच पार्टी घेऊन आले न्हाई. माझ्या लेकराच्या मागं कोण उभं राहील ते सांग. तिथं अण्णा येऊन उभे राहतेत का? न्हाई तर साहेब?" तो जमिनीकडं बघत राहिला. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकवून बसले. दोन्ही बाजूला रान पिवळं पडलेलं, हळद काढणीला आलेली. तो येणार नाही असंच मी मनाशी धरून चालले होते.

लग्न कळमनुरीच्या रस्त्याला एका मंगल कार्यालयात होतं. सकाळी दहाच्या सुमाराला मी लेकीच्या हातात हिरवा चुडा नीट करत होते, आणि खोलीच्या दारात दादा. नवा फेटा, कडक इस्त्रीचा सदरा, मागं वहिनी. कोणी समजावलं, कसं वळलं, मी विचारलं नाही, आजही विचारलेलं नाही. दादानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगी "मामा" म्हणाली आणि तिचं काजळ गालावर आलं. मालक बाहेरच्या बाजूनं गेले, त्यांनी दादाला बघितलं, दादानं त्यांना बघितलं. दोघांच्याही माना वळल्या. पण छत एक होतं. माझं निम्मं मागणं पुरं झालं होतं.

मुहूर्त साडेबाराचा. साडेबारा झाले, एक झाला. साहेब यायचे होते. माईकवाला दर दहा मिनिटांनी सांगायचा, साहेब निघाले, साहेब पोचतच आहेत, कोणी जागा सोडू नये. गुरुजी घड्याळाकडं बघून उसासे टाकत होते. दीडला निरोप आला की साहेब फाट्यावर आहेत. मग दादा लेकीला धरून मांडवात, मंचावर घेऊन आला आणि तिच्या मागं उभा राहिला. तशी ती उभी राहिली, आणि राहिलीच. उकाडा, फुलांचा दाट वास, सनईची तीच तीच धून. गर्दीला पेंग आली होती. माझेही डोळे जड झाले, आणि त्या जडपणात मला लेक लहान दिसत होती, मामाच्या खांद्यावर बसून बाजाराला चाललेली.

मालक मात्र मांडवाच्या तोंडाशी हार घेऊन उभे. अर्धा तास ते तसेच उभे होते. लेक आत, बाप बाहेर. मी एकदा हातानं खुणावलं, आत या. त्यांनी हातानंच सांगितलं, थांब.

दोन वाजता गाडी आली. एकच गाडी, आणि तिच्यातून दोघं उतरले, साहेब आणि अण्णा, कुठल्यातरी दुसऱ्या लग्नातून एकत्रच आलेले, बडीशेप चघळत. मालक पुढं झाले आणि साहेबांच्या गळ्यात हार घातला. साहेबांनी त्यांना ओळखलं, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "अरे, तू हितं बी हायस का? बरं झालं." आणि चालता चालता गळ्यातला हार काढून मालकांच्या हातात दिला. "हे धर जरा." अण्णांनीही आपला हार काढला आणि त्याच हातांत टाकला.

दोघं मंचावर चढले. साहेब सरळ माझ्या दादाकडं गेले. नवा फेटा, नवरीच्या मागं उभा. त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन, अभिनंदन. पोरीचे वडील ना? जावई चांगला शोधला." अण्णा शेजारी उभे होते, ज्यांच्यासाठी दादानं आपल्या बायकोला माझ्याविरुद्ध उभं केलं होतं. तेही म्हणाले, "अभिनंदन." तेही हसले. फोटोवाल्यानं फोटो काढला.

मालक मंचाच्या पायरीवर होते. दोन हार दोन्ही हातांत. त्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. सहा वर्षं मी ज्या माणसावर चिडले होते त्याच्यावरचा माझा सगळा राग तिथंच गेला. वाटलं, पळत जाऊन ते हार हिसकून फेकून द्यावेत.

दादानं साहेबांच्या हातातून आपले हात सोडवून घेतले. माईक जवळच होता, त्यामुळं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"साहेब, मी मामा हाय," तो म्हणाला. "बाप तुमच्या मागं उभा हाय. तुमचे हार धरून."

साहेबांनी वळून बघितलं, क्षणभरच, आणि मग ते मोठ्यांदा हसले. "मामा काय अन् बाप काय, सगळी आपलीच माणसं," असं म्हणाले आणि अण्णांबरोबर सोफ्यावर जाऊन बसले. गुरुजींनी अंतरपाट धरला.

मालकांनी हातातले हार पायरीवरच ठेवले. ते वर आले आणि लेकीच्या मागं, दादाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दादा सरकला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी दोघांच्या अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं. मालक समोरच बघत होते.

"पाव्हणं, वीस वर्षं केलं त्याचं. माझ्या लेकीचं लग्न हाय हे बी त्याला ठाऊक न्हाई."

दादानंही समोरच बघत उत्तर दिलं.

"आमचा बी तसलाच हाय, दाजी."